मुर्डेकरांचा डावा हात

आज कुठल्याही हॉटेलच्या लॉबीत, विमानतळावरच्या बारमध्ये, फार कशाला, आमच्या इथे मेडनहेडला डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये जो मंद मंद पियानो वाजत असतो ना, त्याचा डावा हात ग्लासगोत आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. हे मी त्या डेंटिस्टलाही सांगितलं. तोंडात त्याची दोन-तीन अवजारं असल्यामुळे त्याला ते नीट समजलं नसावं. त्याने फक्त भूल थोडी वाढवली. पण खोटं नाही. आता मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, थापांच्या बाबतीत आमच्या घराण्याची मी शेवटची गवई. तरी या प्रकरणापुरतं एक ध्यानात ठेवा. यात ज्या गोष्टी तुम्हाला थापा वाटतील त्या खऱ्या आहेत. ज्या अगदी खऱ्या वाटतील, त्या मी इकडून तिकडून जुळवून घेतल्या आहेत.

त्या डाव्या हाताच्या मालकाचं नाव मर्डो. आडनाव सांगत नाही, त्याचे दोन पुतणे वकील आहेत. मर्डो हे माणसाचं नाव असू शकतं हे आईला काही केल्या पटेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिने त्यांचं 'मुर्डेकर' केलं, आणि मग हे गृहस्थ मूळचे रत्नागिरीकडचेच असणार अशा थाटात ती त्यांच्याशी शेवटपर्यंत मराठीत बोलली. मुर्डेकर ग्लासगोच्या इंग्रजीत उत्तर द्यायचे. ते इंग्रजी खुद्द इंग्रजांना कळत नाही, तेव्हा आमच्या बाबांना कळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि बाबा तर तिथल्या हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर होते. पेशंट काय सांगतोय ते न कळताच त्यांनी निम्मं शहर बरं केलं. आई आणि मुर्डेकर यांचं मात्र एकमेकांना सगळं समजायचं. "मुर्डेकर, आज आमटीत चिंचेऐवजी रुबार्ब आहे, चालेल ना?" असं आई विचारायची. "आय, हो मिसेस, पण गूळ मागच्यापेक्षा कमी," असं ते त्यांच्या भाषेत म्हणायचे, आणि ती खरोखरच गूळ कमी घालायची.

तांबड्या दगडाची आमची बिल्डिंग, एकाच गोल जिन्यावर आठ बिऱ्हाडं, आणि जिन्याला कायम ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. त्यावर आमच्या फोडणीचा मारा सुरू झाला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मिसेसने फायर ब्रिगेडला फोन केला होता म्हणतात. सकाळी कोळसेवाल्याची आरोळी, दुपारी भंगारवाल्याचं बिगुल, आणि हिवाळ्यात चार वाजता काळोख पडला की जमिनीतून वर येणारा मुर्डेकरांचा पियानो. आईचा स्वयंपाक त्या पियानोवर चालायचा. घड्याळ ती बघतच नसे. "त्यांचं ते घसरगुंडीचं सुरू झालं, आता भात टाकायला हवा," असं म्हणायची. तिकडे साबुदाणा मिळायचा, कारण गोरे लोक त्याची दुधातली लापशी करतात, पण दाण्याचं कूट कशाचं करणार? मुर्डेकर क्लबमधून खारे दाणे खिसे भरभरून आणायचे. आई ते नळाखाली धुऊन, मीठ घालवून, वाळवून, पुन्हा भाजायची. स्कॉटलंडमधले सगळे उपास आमच्या घरी असे बिअरबरोबरच्या दाण्यांवर पार पडले, आणि कुठल्याही देवाने तक्रार केली नाही.

मुर्डेकर जहाजं बांधायच्या यार्डाशेजारी जन्मले. चर्चच्या ऑर्गनवर हात बसला, आणि तिथून ते सरळ अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीच्या बँडमध्ये गेले. का, तर बोट न्यूयॉर्कला पाच दिवस थांबते आणि त्या पाच दिवसांत पाच रात्री असतात. तिथे त्यांनी काय काय ऐकलं देव जाणे, पण परत आले ते डोक्यात किडा घेऊन. पुढे लंडनचे क्लब, रेकॉर्ड, रेडिओ. खुद्द अमेरिकेचे पियानोवाले इकडे आले की मुर्डेकरांच्या डाव्या बाजूची खुर्ची मिळवण्यासाठी आपसांत हमरीतुमरीवर यायचे. उजव्या हाताकडे कोणी बघायचं नाही. एकाने तर म्हणे दुर्बीण आणली होती.

त्या डाव्या हातात एवढं काय होतं? तुमच्या पेटीच्या भाषेत सांगते. साधा माणूस डाव्या हाताने काय धरतो? सा, ग, प. पाया पक्का, घर उभं. मुर्डेकर म्हणाले, माझ्या शेजारी बासवाला उभा आहे, तो भला मोठा लाकडी बास घेऊन सा वाजवतोच आहे, मग मी तो परत कशाला वाजवू? काढला सा. पंचम बिचारा गरीब स्वभावाचा, त्याच्या असण्या-नसण्याने काही बिघडत नाही. काढला प. उरले गंधार आणि निषाद. सुखी आहे की दुःखी, एवढं सांगायला ते दोघे पुरतात. आणि मग मोकळ्या झालेल्या बोटांनी त्यांनी वर रिषभ आणि धैवत ठेवले, भातावर तूप सोडावं तसे. पाया नसलेलं घर ते, हवेत तरंगणारं! पुढे ते म्हणायला लागले की गंधार आणि कोमल निषाद या जोडीला दोन मालक असतात. खालून सा लागला तरी ती जोडी त्याचीच, आणि तीव्र मध्यम लागला तरी त्याचीच. मालक बदलतो, नोकर तेच. आज कॉलेजात हे पोरांना पहिल्या टर्मला शिकवतात. कोणा एका माणसाने हे आपल्या बोटांनी पहिल्यांदा चाचपडून शोधलं, हे त्यांना ठाऊकही नसतं.

त्यांच्या डाव्या अंगाला उभा राहून तो खालचा सा वाजवणारा बासवाला म्हणजे टॅम. माणूस त्याच्या वाद्याएवढाच उंच, आणि तितकंच बोलणारा. दोघांनी उभा जन्म एकत्र वाजवलं. कधी कधी टॅमही सा वाजवायचा नाही. मुर्डेकर सांगायचे, "दोघांनीही तो सोडलेला असायचा लॅस, पण कुठे आहे ते दोघांना ठाऊक असायचं." मी तेव्हा सतरा वर्षांची 'लॅस', म्हणजे पोर, दर शनिवारी त्यांच्याकडे शिकायला जायचे, आणि हे ऐकून मला वाटायचं की म्हातारा पिऊन बोलतोय. तो प्यायलेलाही असायचा, त्यामुळे माझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

टॅम गेला आणि जमीन मुकी झाली. आईचा भात लागायला लागला. मुर्डेकर शनिवारी मला शिकवायचे, पण खुर्चीत बसून, तोंडाने. पियानोला हात म्हणून लावायचे नाहीत. दुसरे बासवाले येऊन गेले. एक सा इतक्या जोरात वाजवायचा की मुर्डेकर म्हणाले, मला ऐकू येतं, मी बहिरा नाही. दुसरा भलतीकडे जायचा. मग एकट्याने वाजवून पाहिलं. मी तिथे होते. चार-सहा ओळी वाजवल्या आणि थांबले. "ऐकलंस? तळमजला काढून घेतलेलं घर," म्हणाले. मी म्हटलं, "मग डाव्या हाताने सा वाजवा ना तुम्हीच!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू बायको गेलेल्या माणसाला मी म्हटलं होतं, तिची साडी तुम्हीच नेसा.

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की पियानो रस्त्याच्या टोकाच्या चर्चच्या हॉलला देऊन टाकला, आणि आपण उत्तरेतल्या कुठल्याशा बेटावर बहिणीकडे कायमचे चाललो. सोमवारची बोट. त्या बेटावर, ते सांगायचे, रविवारी कोंबडा आरवला तर त्याला समज देतात. बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, "छाती ठणठणीत आहे त्यांची. पण हा माणूस तिथे जाऊन खुर्चीत बसणार आणि संपणार. मी असे खूप बघितलेत." आई म्हणाली, "शनिवारी नलूवन्संचं लग्न आहे. सोमवार म्हणजे त्यानंतरचा ना? मग लग्नाला येतील."

नलूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, ती तिथेच एक्स-रे विभागात डॉक्टर होती. लग्न त्याच चर्चच्या हॉलमध्ये, कारण आमची एवढी माणसं मावतील असा दुसरा हॉल मिळाला नाही. पाद्रीबुवांनी विचारलं, आवाज फार होईल का? बाबा म्हणाले, छे छे. मुहूर्त आजोबांनी पुण्याहून ट्रंककॉलवर सांगितला. तो पुण्याचाच धरायचा असं ठरलं, कारण ग्लासगोच्या आकाशात ग्रह कोणी पाहिलेले नाहीत. दुपारी साडेचारचा मुहूर्त. बाबांनी त्यातून आपले नेहमीचे साडेपाच तास वजा केले. सकाळी अकरा. पत्रिका छापल्या, पोस्टाने पाठवल्या, लंडनजवळच्या इल्फर्डहून शकूमावशी आपल्या चार जावांसह रात्रभर कोचमधून बसून आली, आणि येताना पाच किलो श्रीखंड मांडीवर घेऊन आली.

भटजी म्हणजे डॉ. कुंटे, हाडांचे सर्जन. सगळ्या स्कॉटलंडमध्ये मौंजीतलं काही लक्षात ठेवलेला तो एकटाच माणूस. आवाज असा, की त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये कात्री मागितली की नदीतल्या बोटी उत्तर द्यायच्या. सबंध मंत्र एकाच खोल सुरावर म्हणायचे, वर नाही, खाली नाही. अंतरपाट आणायचा राहिला होता, म्हणून कोणाची तरी टार्टनची, तिकडच्या रंगीत चौकड्यांची, शाल धरली. एका टोकाला बाबा, दुसऱ्या टोकाला नवऱ्याचा भाऊ. शालीच्या अलीकडे नलूआत्या, पलीकडे नवरा मुलगा. सनईची कॅसेट आधीच मशीनने खाल्ली होती. आई मला म्हणाली, "तू बस त्या पियानोवर. मावश्या मंगलाष्टकं म्हणतील, त्यांच्यामागे वाजव काहीतरी." मुर्डेकर शेवटच्या रांगेत सूट घालून बसले होते. आपल्याच पियानोकडे पाठ करून!

आता मंगलाष्टकांची आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला नकोच. जिला जशी सुचेल तशी तिने रचायची, त्यात दोन्हीकडची एकूण एक माणसं नावानिशी कोंबायची, आणि जिला जो सा सापडेल तिने त्याच्यात म्हणायची. हल्ली इथे मेडनहेडला सॉफ्टवेअरवाली पोरं लग्नात मोबाइलवर रेकॉर्डिंग लावतात. सगळं एका पट्टीत, गोड, तुपकट. मला ते ऐकवत नाही. मंगलाष्टक म्हणजे कसं, मागचीने जिथे सोडलं तिथून पुढचीने उचललं असं कधी होता कामा नये.

शकूमावशीने सुरुवात केली काळी दोनच्या आसपास. मी पेटीसारखा भक्कम सा धरला. दुसऱ्या ओळीत ती पांढरी चारला पोचली. मी सा बदलला. तिसऱ्या ओळीत 'ग्लासगो' हा शब्द वृत्तात बसेना, म्हणून तिने तो ओढून ताणून बसवला, आणि त्या ओढाताणीत सूर कुठल्याही पट्टीत न येणाऱ्या गावी गेला. माझा सा मात्र तिथेच, पोलिसासारखा उभा. लोक खाली बघायला लागले. पाठोपाठ तिच्या जावेने सुरू केलं, ते आणखी तिसरीकडेच. मी सा बदलला की बाई सरकायच्या, बाई सरकल्या की मी धावायचे. 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि त्यातल्या चांगल्या मूठभर पियानोच्या उघड्या झाकणातून आत. पाद्रीबुवा दाराशी उभे राहून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

तिसऱ्या मंगलाष्टकाला माझ्या शेजारी बाक करकरला. मुर्डेकर.

"डावा हात काढ," ते कुजबुजले.

"का?"

"त्या बायका कुठे आहेत ते तू त्यांना सांगते आहेस, लॅस. त्यांना ते जाणून घ्यायचं नाहीये. सरक."

आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. टॅम गेल्यानंतर पहिल्यांदा. गंधार, निषाद, वरून एखादा धैवत, बस्स. सा नाहीच. आता मावशी कुठेही जावो, ती जाईल तिथे मालकीण! तेच नोकर नव्या मालकिणीकडे रुजू. ती घसरली की ते अर्धा सूर घसरायचे आणि वाटायचं की हेच ठरलं होतं. खालून कुंट्यांचा आवाज, न हलणारा, आगबोटीसारखा. मुर्डेकरांनी एकदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मला कळलं की त्यांना पायाखाली काहीतरी लागलंय. उरलेल्या तीन जावांनी तीन मंगलाष्टकं तीन गावांत म्हटली, आणि हॉलमधल्या सगळ्यांना वाटलं की या बाया गाणं शिकलेल्या आहेत. शकूमावशी त्या दिवसापासून स्वतःला गायिका समजायला लागली, ती शेवटपर्यंत.

इतक्यात कुंट्यांनी मंत्र म्हणता म्हणता मनगट वर केलं. कुंटे दोन घड्याळं लावायचे, उजव्या हाताला ग्लासगो, डाव्या हाताला पुणे. डावं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. साडेचार नव्हे. वसंतात इकडची घड्याळं तासभर पुढे केली, हे बाबा वजाबाकीत विसरले होते! मुहूर्ताला अजून एक तास होता. कुंटे थांबले नाहीत. त्यांनी त्याच खोल सुरात, त्याच चालीवर, जणू संस्कृतच आहे असं, म्हटलं, "डॉक्टर तुमचे गणित चुकले, तास अजुनी बाकी असे, शाल खाली न ये."

बाबांचा चेहरा शालीवरच्या हिरव्या पट्ट्यासारखा झाला. "अहो, मग थांबवू या का?"

"काही थांबवायचं नाही," आई म्हणाली. "एकदा सुरू झालं की मुहूर्तापर्यंत चाललं पाहिजे. नवऱ्याकडच्यांना कळता कामा नये. शकू, आणखी म्हण!"

"अगं सगळे नातेवाईक संपले!"

"शेजारी घे!"

त्यांनी शेजारी घेतले. दूधवाला घेतला. इल्फर्डचं कौन्सिलही घेतलं. मग चक्क आवाज गेले त्यांचे. बाबांचे हात भरून आले, तेव्हा शालीखाली दोन खुर्च्या आणून तिची टोकं त्यांना बांधली. पलीकडून नवरा मुलगा विचारत होता, "अजून किती?" आणि अलीकडून नलूआत्या म्हणत होती, "माझ्या आयुष्यातला शेवटचा शांत तास आहे, बसू दे." आता फक्त पियानो आणि कुंटे. कुंटे तो एकच सूर धरून बसलेले, मुर्डेकर त्यावर गावंच्या गावं वसवत होते आणि उठवत होते. लोक बोलायचे थांबले. आणि मग, अर्धा तास उरला असताना, कुंट्यांचा आवाज फाटला. त्यांनी पाणी प्यायलं, तोंड उघडलं, आणि त्या देहातून उंदरासारखी एक चूं बाहेर आली. त्यांनी हात जोडले आणि खाली बसले.

मुर्डेकरांचे हात पट्ट्यांवर अधांतरी राहिले.

मी त्यांच्याकडे बघत होते. चेहरा पुन्हा तसाच झाला, खुर्चीतला. बोटं मिटायला लागली होती. मला वाटलं, झालं, संपलं, सोमवारची बोट. आणि मी काही विचार न करता हात लांब करून खालचा सा वाजवायला गेले, कुंट्यांचा, त्यांना धरायला काहीतरी असावं म्हणून.

त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. चांगला सणसणीत.

"तिथे हात घालू नकोस," ते म्हणाले. "ती जागा धरलेली आहे."

मग ते वाजवायला लागले. आधी वाजवत होते तेच, पण आता खाली काहीच नव्हतं, आणि ते नसलेलं त्यांनी झाकलं नाही. जिथे टॅमचा सूर यायचा तिथे ते थांबायचे. पूर्ण सूरभर थांबायचे, मग पुढे जायचे, जणू पलीकडून उत्तर आलं. पहिल्यांदा मला ते खड्डे वाटले. थोड्या वेळाने मला तो सूर ऐकू यायला लागला. थाप नव्हे ही. मी एकटीच नाही, शेजारी बसलेली शकूमावशी, जिला आपला स्वतःचा सा कधी सापडला नाही, ती त्या रिकाम्या जागांवर बरोबर मान हलवत होती. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, पुऱ्या तळणाऱ्या बाईंना तिने हात करून थांबवलं. आमच्या आईने पंगत तयार असताना तळण थांबवलं, ही गोष्ट त्याआधी कधी झाली नव्हती आणि त्यानंतरही कधी झाली नाही. किती वेळ गेला कोणाला कळलं नाही. डॉक्टर कुंटे तेवढे दोन्ही मनगटं बघत बसले होते, आणि वेळ झाली तेव्हा त्यांच्याकडे आवाजच नव्हता, म्हणून सबंध हॉल एका दमात ओरडला, "शुभमंगल सावधान!" मुर्डेकर दचकले आणि त्या ओरडण्यावरच उतरले, जिथे सगळ्यांचा सूर पडला तिथेच. तेवढी एकदाच त्यांनी डाव्या हाताने खालची पट्टी दाबली.

पुढे त्यांच्या एकट्याच्या पियानोच्या रेकॉर्ड निघाल्या, तीन, त्याच हॉलमध्ये, त्याच पियानोवर. त्यांतल्या त्या रिकाम्या जागांवर लोकांनी जाडजाड लेख लिहिले आहेत. एका विद्वानाने लिहिलंय की मंद्र सप्तकातली ती बारीक खुळखुळ हे त्यांचं अत्यंत मौलिक तंत्र असून त्याचा उलगडा अद्याप झालेला नाही. अहो, आमचे तांदूळ आहेत ते! कुंकवाचे. मी त्या विद्वानाला फोन करणार होते, मग म्हटलं, जगू दे त्यालाही.

पण त्या दिवसाचं सांगते. माळा पडल्या, शाल सुटली, बाबांचे हात कोपरातून सरळच होईनात. अक्षतांचा शेवटचा वर्षाव नवरा-नवरीवर व्हायचा, तो झाला, पण शकूमावशी आणि तिच्या जावा आपल्या उरलेल्या सगळ्या मुठी घेऊन पियानोकडे वळल्या आणि त्यांनी त्या मुर्डेकरांच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. मागोमाग सगळेच. म्हातारा बाकावर बसून, डोळे मिटून, लालभडक तांदळात भिजत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. हसतोय की काय, कळत नव्हतं. आई पुढे आली, पदराने त्यांची कॉलर झटकली.

"मुर्डेकर, अक्षता अंगावर पडल्या की माणसाला कुठे जाता येत नाही," ती म्हणाली. "संसार करावा लागतो."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, त्यांनी मला हातानेच गप्प केलं.

"पण मिसेस, सोमवारची बोट?"

"बोट काय, पुढच्याही सोमवारी असते. उद्या सत्यनारायण आहे. दहाला या. हॉलची किल्ली माझ्याकडे आहे."

त्यांनी भुवईत अडकलेला एक तांदूळ काढला, दाताखाली धरून पाहिला. "कच्चा आहे," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई किल्ली घेऊन पोचली तेव्हा मुर्डेकर हॉलच्या पायरीवर बसून होते, पावसात, टोपी मांडीवर ठेवून, नऊपासून. आईला वाटलं, यांचंही घड्याळ चुकलं. त्यांनी मला पाहिलं आणि उजव्या हाताने पायरीवरची थोडी जागा झटकून दिली. डाव्या बाजूची तशीच ठेवली.